धंद्याची पत

‘त्या डॉक्टरने नुसता धंदा मांडलाय’ हा आज सरळसरळ आरोप ठरतो. जुन्या मराठीत मात्र ‘वकिलीचा धंदा’, ‘डॉक्टरीचा धंदा’ असे बिनदिक्कत आणि मानाने लिहीत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही (दुसरी आवृत्ती १८५७) धंदा म्हणजे काम, पेशा. नफा हा त्या शब्दाचा गाभा नव्हताच. गावगाड्यात सुतार वर्षभर औत-पाभर दुरुस्त करी आणि सुगीला खळ्यावरून बलुते नेई. दर कामाचा भाव ठरत नसे, तरी तो त्याचा धंदाच होता. अर्थात तो जातीने गळ्यात बांधलेला होता, त्यात गोडवा शोधू नये. पण पोट ज्या कामावर चाले ते काम, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता आणि ‘कामधंदा’ या जोडशब्दात तो अजून शाबूत आहे.

यावर कोणी म्हणेल की ‘नसते धंदे’ हा प्रयोगही जुनाच, म्हणजे शब्द मुळातच डागाळलेला. पण आपण ‘नसते उद्योग’ही तितक्याच सहज म्हणतो, आणि तरी ‘उद्योगपती’ हा मानाचाच शब्द राहिला. दोष ‘नसते’मध्ये आहे. धंद्याची पत गेली ती माझ्या मते नोकरीमुळे. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही उतरंड इंग्रजी शिक्षणाने उलटी केली. महिन्याच्या पगारावर जगणारा पांढरपेशा प्रतिष्ठित झाला, आणि गिऱ्हाइकाकडून पैसे मोजून घेणे हलके ठरले. ज्यांना पैसेही हवे होते आणि मानही, त्यांनी ‘व्यवसाय’ हा संस्कृत शब्द जवळ केला. तिकीट लावून, पगारी नट ठेवून गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांना ‘हौशी’ नव्हे एवढ्याच अर्थाने ‘धंदेवाईक’ म्हणत. आज तीच रंगभूमी ‘व्यावसायिक’ झाली आणि ‘धंदेवाईक’ ही शिवी उरली.

‘व्यवसाय’ अधिक नेमका आहे, हा युक्तिवाद मला पटत नाही. सरकारी पाटीवर ‘दुग्धव्यवसाय’ असतो. पण डेअरीत कॅन उतरवणारा, फॅटचा आकडा पाहून चेहरा पडलेला शेतकरी ‘दुधाच्या धंद्यात काही राहिलं नाही’ असेच म्हणतो. दूध तेच, हिशेबही तोच. आणि त्याच शेतकऱ्याला शेळ्या-कोंबड्या पाळायला सांगताना सरकारी पत्रकही ‘जोडधंदा’च लिहिते.