चामड्याचा रूळ

यंत्रविद्येतील संशोधनाचा इतिहास म्हटला की आपल्यापुढे मोठ्या शहरांतील प्रयोगशाळा उभ्या राहतात. वाशीम जिल्ह्यापुरते पाहायचे तर कारंज्याच्या जिनापासून सुरुवात करणे अधिक सोयीचे.

सरकी आणि रुई निराळी करण्याचे काम आपल्याकडे पूर्वी घरोघर रेच्यावर होई. 1840 साली अमेरिकेत फोन्स मॅकार्थी याने रुळाच्या जिनाचे पेटंट घेतले. त्यात चामड्याचा रूळ रुई ओढतो, त्याला टेकलेली स्थिर सुरी सरकी अडवते आणि दुसरी हलती सुरी ठोसे मारून ती सुटी करते. त्याच सुमारास कंपनी सरकार अमेरिकन मळेवाले आणून करवती जिनाचे प्रयोग करीत होते. परंतु आखूड धाग्याच्या देशी कापसाला करवत मानवली नाही. वऱ्हाडात रूळच टिकला. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद आगगाडी कारंज्यावरून धावू लागली, तीही मुख्यतः कापसासाठीच.

आता खरा प्रश्न येतो. शेतकऱ्याला रुई अधिक उतरणारे वाण हवे, गिरणीला लांब धागा हवा. आणि एखाद्या वाणाचे सूत किती नंबरपर्यंत निघेल हे पेरण्याआधी कोणीच सांगू शकत नव्हते. वऱ्हाडात रोझियम वाण पसरले ते भरपूर रुई उतरे म्हणून. धागा मात्र जाडाभरडा. 1921 साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. 1923 च्या कायद्याने गाठीमागे उपकर बसला आणि त्या पैशातून 1924 साली मुंबईला माटुंग्यात प्रयोगशाळा उभी राहिली. डॉ. टर्नर हे तिचे पहिले संचालक. थोड्याशा नमुन्यावरून सूत कातून वाणाची परीक्षा करणे, हे तिचे मोठे काम. त्यात पदार्थविज्ञान आले, यंत्रशास्त्र आले, शेतीशास्त्रही आले. काम निःसंशय चांगले होते. पण गाठ ज्यांच्या हातांखालून जात होती, त्यांच्या छातीचे माप त्या वेळी कोणी घेतले नाही. प्रयोगशाळेपुढे प्रश्न होता सुताचा.

कामगाराच्या बाजूने प्रश्न विचारला तो कायद्याने, आणि तोही उशिरा. 1948 च्या कारखाने कायद्यातील कलम 27 ने, कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस पिंजणारे यंत्र चालू असेल त्या भागात बाया व मुले कामास लावण्यास मनाई केली. माल घालण्याचे तोंड छतापर्यंतच्या भिंतीने वेगळे केले असेल तरच सवलत. एका भिंतीने भागले, असे समजणारे मालक पुष्कळ भेटतात! धुळीला भिंत कळत नाही. कापसाच्या धुळीने छाती आवळणाऱ्या ह्या दुखण्याला वैद्यक बिसिनोसिस म्हणते.

1966 साली कमिटी मोडली आणि प्रयोगशाळा कृषी संशोधन परिषदेकडे गेली. तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरला आहे. पऱ्हाटीपासून फळ्या करण्याची कृती तिने बसवली, जिनाला कापूस आपोआप पुरवणारी यंत्रेही तयार केली. 2000 साली केंद्र सरकारचे कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झाले आणि जिनांच्या सुधारणेला अनुदान मिळाले. डोक्यावरचे टोपले उतरले, हे चांगलेच झाले. टोपल्याबरोबर बायांची हंगामी मजुरीही उतरली, तिची नोंद यंत्राच्या गुणदोषांत कोण करणार?

चामड्याच्या रुळाकडे लक्ष गेले ते विसावे शतक संपता संपता. रुळावरच्या चकत्यांचे चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. सुरीवर घासून ते सतत झिजते. त्याची पूड रुईत मिसळते आणि हवेतही उडते. क्रोमियमचे काही प्रकार कर्करोगाला कारण होतात. तेव्हा चामड्याऐवजी रबर बसवलेल्या सुती कापडाच्या चकत्यांचे रूळ करून पाहण्यात आले. चांभाराची विद्या, रसायन, रबर, यंत्र आणि वैद्यक अशी पाच शास्त्रे एका हातभर रुळाभोवती जमली. मॅकार्थीच्या पेटंटला तोवर दीडशे वर्षे होऊन गेली होती. आम्ही संघटनेची माणसे आता हंगामाच्या आरंभी मजुरीच्या दराबरोबर रूळ कशाचा आहे, हेही विचारतो.