लोह : दाबजन्य प्रावस्थांतर व संपीडनवेग
सामान्य दाबाखाली लोहाची स्फटिकरचना कायकेंद्रित घनीय (आल्फा) असते. सुमारे 13 गिगॅपास्काल, म्हणजे जवळजवळ 1.3 लाख वातावरण दाबाला ती निबिड षट्कोणी (एप्सिलॉन) होते आणि घनफळ अंदाजे 5 टक्क्यांनी घटते. हे प्रावस्थांतर प्रथम आढळले ते संथ दाबाखाली नव्हे, तर स्फोटाच्या आघातात. 1956 मध्ये बँक्रॉफ्ट, पीटरसन व मिन्शॉल यांना लोहातील आघात तरंग दुभंगलेला दिसला. त्यावर ब्रिजमन यांनी स्थिर दाबाखाली विद्युत् रोध मोजला. अपेक्षित उडी आढळली नाही. पुढे त्यांची दाबमापनाची श्रेणीच फुगलेली ठरली. 1960 नंतरच्या क्ष-किरण विवर्तनाने षट्कोणी रचना निर्विवाद केली.

संपीडनवेगाचा प्रश्न यापुढचा. नव्या प्रावस्थेची बीजे निर्माण होऊन वाढण्यास काही काळ लागतो. लोहातील बदल विसरणाविना, अणूंच्या सामूहिक सरकण्याने होत असल्याने हा काळ अत्यल्प असतो, पण शून्य नसतो. दाब त्याहून वेगाने चढला, तर धातू समतोल सीमा ओलांडूनही जुन्याच रचनेत राहतो. लेसरच्या साहाय्याने पातळ लोहपत्रे नॅनोसेकंदांत दाबली असता प्रावस्थांतराचा आरंभ अधिक दाबाला होतो; विकृतिवेगाबरोबर हा फरक वाढतो. शिवाय अतिवेगी भारात कर्तन प्रतिबलही मोठे असते. त्यामुळे आघात प्रयोगातील आकडा हा समतोल दाब मानणे धोक्याचे आहे. हिऱ्याच्या ऐरणीत संथपणे दाबतानाही आल्फा व एप्सिलॉन प्रावस्था बऱ्याच दाबपल्ल्यात एकत्र नांदतात. दाब उतरवताना उलट बदल कमी दाबाला होतो.