नाइन्टी सीके

गुहागरात जुन्या वस्तू जपणारे पुष्कळ आहेत. कुणाच्या माजघरात पणजोबांचा पितळी कड्यांचा झोपाळा, कुणाकडे अडकित्ते, कुणाकडे पडवीत टांगलेला कंदील. पण मी जुन्या पोकलेनची चौकशी केली की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या बायकोकडे. ती नुसती मान हलवते. मी हायड्रॉलिकचा फिटर. उमेद होती ती सगळी वर्षं बूम, आर्म आणि बकेट यांच्या सिलिंडरांची सीलं बदलण्यात गेली. मला हा शौक लागला यात नवल नाही, दुसऱ्यांना का लागत नाही याचंच वाटतं.

इंग्लंडात तो रीतसर शौक आहे. तिथे आर्लसी गावच्या खडूच्या खाणीत रस्टन प्रॉक्टर कंपनीचं १९०९ सालचं वाफेचं फावडं टाकून दिलेलं होतं. खाण बंद पडली, पाणी भरलं, यंत्र बुडालं. १९७७ साली ते पाण्यातून ओढून काढलं आणि कारखान्यातल्या उमेदवार पोरांनी दुरुस्त केलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपल्या सड्यावरच्या चिरेखाणी आल्या. पावसाळ्यात त्याही तुडुंब भरतात. फरक एवढाच की आपल्या खाणीत मशीन बुडालं तर उन्हाळ्यात पाणी उतरताच भंगारवाला गॅसकटर घेऊन हजर.

वाफेची फावडी आपल्याकडे शोधण्यात अर्थ नाही. अमेरिकेत विल्यम ओटिसला त्याचं पेटंट १८३९ साली मिळालं. त्यानंतर सतरा वर्षांनी, १८५६ मध्ये, बोरघाटातल्या रेल्वेचं काम सुरू झालं, तेही सुरुंग, पहार आणि घमेल्यावर. १८६१ च्या सुमारास त्या घाटात ४२ हजारांच्या वर माणसं खपत होती. पटकी आली की तळच्या तळ ओस पडत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्याआल्याच वारला आणि पुढचं काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, निभावलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला. साहेबाला यंत्र माहीत नव्हतं असं नाही. माणूस स्वस्त होता. पुढे पनामाचा कालवा खणताना त्याच अमेरिकेने १०२ वाफेची फावडी लावली, त्यातली ७७ एकट्या ब्यूसायरस कंपनीची. मजूर कुठे किती महाग पडतो यावर यंत्राचं गाव ठरतं, हे माझं मत. इतिहासाचे प्राध्यापक काय म्हणतात ते त्यांनी सांगावं.

आमच्या गुहागरात तर हा हिशेब फारच उशिरापर्यंत माणसाच्या बाजूने राहिला. खाली पुळणीवर नारळ-पोफळीची आगरं. तिथली विहीर खणायची तर वाळू ढासळते, म्हणून चिऱ्यांनी बांधत बांधत खाली जायचं. वर सड्यावर जांभा. वरचा कातळ उन्हापावसाने टणक झालेला, त्याखाली कापता येईल असा चिरा, त्याच्याही खाली शेडी. खाणीत माणसं सूत धरून टिकावाने चर मारायची आणि पहारीने चिरा उचकटायची. आज तिथे रुळावर सरकणारी गोल पात्यांची चिरेकटर मशिनं फिरतात आणि लाल धुरळ्याने आजूबाजूचे काजू रंगतात.

आता शौकीन माणसाच्या भांडणाचा मुद्दा, पहिला हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर कुणाचा. इटलीत ब्रुनेरी बंधूंनी १९४८ मध्ये चाकांवरचा केला. फ्रान्समध्ये जॉर्ज बातायच्या पोक्लॅं कंपनीने १९५१ मध्ये टीयू काढला. जर्मनीत डेमागने १९५४ मध्ये बी ५०४ आणला, चेनवर चालणारा आणि स्वतःभोवती पूर्ण फिरणारा. मी डेमागच्या बाजूचा आहे. पण नाव झालं ते पोक्लॅंचं, कारण १९६१ चं त्यांचं टीवाय ४५ हजारोंनी खपलं. आपल्याकडे लार्सन अँड टुब्रोने त्यांच्याशी करार करून मशिनं बनवायला घेतली. ही १९३८ साली दोन डॅनिश इंजिनिअरांनी मुंबईत काढलेली कंपनी. त्यांचं ९० सीके हे मॉडेल एवढं पसरलं की कोकणात आजही कुठल्याही कंपनीचं मशीन येवो, तो पोकलेनच.

त्याआधीचं मशीन दोराचं. टाटांनी जमशेदपूरला पी अँड एच कंपनीच्या सहकार्याने ९५५ बनवलं, ते त्याच जातीचं. इंजिन ड्रम फिरवतं, ड्रमवर तारेचा दोर गुंडाळला जातो आणि दोर बकेट ओढतो. दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून दोराच्या फावड्याला समोर उभी दरड लागते, पायथ्यापासून वर खरवडत जायला. हायड्रॉलिकचं तसं नाही. पंपाचा दाब तेलाला, तेलाचा पिस्टनला, आणि पिस्टन दोन्हीकडे जोर लावतो. बकेटचे दात जमिनीत दाबता येतात, मनगट वळवावं तशी बकेट वळते, आणि मशीन स्वतःच्या पायाखालीही खणतं. विहीर, पाया, चर, पऱ्यातला गाळ, कोकणातलं खोदकाम बहुतेक पायाखालचंच.

पण यंत्र सगळीकडे पुरतंच असं नाही, हा धडा मला कोकण रेल्वेने दिला. १९९० मध्ये कॉर्पोरेशन स्थापन झालं, श्रीधरन साहेब प्रमुख. १९९८ च्या जानेवारीत मार्ग पुरा झाला. आम्ही चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यात पडेल त्या ठिकाणी धावायचो. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा काळ्या दगडातून गेला, त्यासाठी स्वीडनहून मशिनं आणली होती. दगड परवडला. खरा घाम काढला तो मऊ मातीच्या बोगद्यांनी. गोव्यात पेडण्याला ओली माती खणावी तेवढी पुन्हा भरून यायची. तिथे यंत्र मागे राहिलं आणि माणसांनी हाताने, थोडं थोडं करत बोगदा पुरा केला. शेवटी तोच सगळ्यात उशिरा झाला.

आणि मग आमच्या दारातला एन्रॉनचा वीज प्रकल्प. अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या सड्यावर. १९९२ मध्ये बोलणी, १९९५ मध्ये सरकार बदलल्यावर करार रद्द, मग पुन्हा सुरू, १९९९ मध्ये वीज आणि २००१ मध्ये सगळं ठप्प. याबद्दल गुहागरात दोन माणसं बसली तर तीन मतं निघतात, मी माझं घरात ठेवतो. फिटर म्हणून एवढं सांगतो, एका जागी एवढी पिवळी यंत्रं तालुक्याने आधी पाहिली नव्हती. शृंगारतळीच्या पोरांना तेव्हापासून ऑपरेटर व्हायचं वेड लागलं. पुढे ती आखातात गेली, परत आली आणि स्वतःचे जेसीबी घेऊन तासावर धंदा करू लागली. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं. त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ काढायला पोकलेन उतरले, तेव्हा बघ्यांमध्ये मीही होतो. लोक गाळाचे ढीग बघत होते, मी कुठला सिलिंडर गळतोय ते बघत होतो.

एवढं काम केलेल्या नाइन्टी सीकेपैकी आता धडका एक दाखवा. दिसतात ते बिनचेनचे, इंजिन काढून घेतलेले. यात दोष नुसता आपल्या अनास्थेचा नाही. दोराचं मशीन पन्नास वर्षं पडलं तरी नवा दोर, नवं ब्रेक-लायनिंग आणि भरपूर ग्रीस यांवर पुन्हा हलू शकतं, त्यात बाकी सगळं ढोबळ लोखंड. हायड्रॉलिकचं दुखणं नाजूक. उभ्या मशीनचा सिलिंडरचा रॉड बाहेर राहिला की खारा वारा त्याच्या क्रोमवर टिपके पाडतो. ते टिपके नवं सीलही कापतात आणि तेल गळू लागतं. पंपाचे भाग मिळत नाहीत, मिळाले तर मापाला बसत नाहीत. म्हणून विलायतेतल्या संग्रहालयांत आजोबा टिकतात आणि आपल्याकडे नातू आधी जातो.

मी जमवतो ते लहानसहान. भंगारवाल्यांना सांगून ठेवलंय, कापायच्या आधी मला फोन करा. नंबरप्लेट, लिव्हरचा मुठीने गुळगुळीत झालेला गोळा, तेलाने माखलेलं ऑपरेटरचं पुस्तक, यांचे ते पैसे घेत नाहीत. कंट्रोल व्हॉल्व्हचे मात्र घेतात, त्यात त्यांना किंमत कळते.

पुतण्याचं म्हणणं, अख्खा एक घेऊ आणि आगरात ठेवू, पर्यटक फोटो काढतील. त्याला म्हटलं, आगर पुळणीचं, वाळूत चेन रुतेल आणि समुद्र शंभर पावलांवर. ठेवायचाच तर वर सड्यावर, छपराखाली, सगळे रॉड आत घेऊन, ग्रीस थापून. तो आता पाटपन्हाळ्याच्या बाजूला जागा बघतोय, आणि त्याच्या काकूने छपराचा खर्च कोण देणार हे विचारून ठेवलंय.