ब्राउझर चालवणारं यंत्र, त्याला जोडलेलं एक्स्टेन्शन आणि 'किल्लारी' हा शब्द

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेल्या 'म्हणजे काय आहे ना' तेवढ्या कमी केल्यात, बाकी मजकूर तोच आहे.

आजचा विषय कोरडा वाटेल. सेलेनियम, पपेटिअर, प्लेराइट यांसारखी ब्राउझर आपोआप चालवणारी साधनं आणि त्यांच्यासोबत वापरायची एक्स्टेन्शन्स. पण हा इतिहास मी किल्लारीवरून सांगणार आहे, आणि त्याला कारण आहे.

30 एप्रिल 1993 ला सर्न या संस्थेनं वर्ल्ड वाइड वेबचं तंत्रज्ञान सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. त्यानंतर बरोबर पाच महिन्यांनी, 30 सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला, आमच्याकडं भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते. तीव्रता 6.2. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे 10 हजार माणसं गेली, 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. माझ्या पिढीचा जन्म त्यानंतरचा. आम्हाला भूकंप माहीत आहे तो घरच्यांच्या बोलण्यातून आणि छापलेल्या मजकुरातून. आणि त्या मजकुरापर्यंत पोचताना एक तांत्रिक भिंत आडवी येते.

ही भिंत फॉन्टची आहे. देवनागरी संगणकात कशी साठवायची याचं भारतीय मानक, इस्की, 1991 साली ठरलं होतं. युनिकोडची पहिली आवृत्तीही 1991 चीच, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988 च्या आराखड्यावरून घेतली होती. म्हणजे भूकंपाच्या आधीच दोन्ही मानकं कागदावर तयार होती. पण छपाईचं काम चालायचं डीटीपीवर, आणि कागदाला फक्त आकार लागतो. 'क' दिसला म्हणजे झालं, आत कुठला आकडा साठवलाय याच्याशी छापखान्याला देणंघेणं नसतं. म्हणून प्रत्येक कंपनीनं आपापला फॉन्ट काढला आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले.

15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढं मराठी दैनिकं वेबवर आली, ती हेच फॉन्ट घेऊन. वाचकाकडं फॉन्ट नसेल तर काय? त्यावर उपाय निघाला डायनॅमिक फॉन्टचा. इंटरनेट एक्स्प्लोरर पानासोबत ईओटी नावाची फाइल उतरवून घ्यायचा आणि मराठी दिसायचं. ही फाइल ठरावीक साइटच्या पत्त्याला बांधता यायची. पत्ता बदलला की फॉन्ट चालत नसे. आणि फायरफॉक्सला तर ईओटी कळतच नव्हतं. तिथं तीच बातमी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला होऊन समोर यायची.

आता 'किल्लारी' शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो असा साठतो: क, वेलांटी, ल, हलन्त, ल, काना, र, दुसरी वेलांटी. एकूण आठ खुणा. फॉन्टच्या पद्धतीत मात्र डोळ्याला जे आधी दिसतं ते आधी. म्हणजे पहिली वेलांटी 'क'च्या अगोदर, अर्ध्या 'ल'ला स्वतंत्र खूण, आणि प्रत्येक फॉन्टची खूण वेगळी. सर्च इंजिनला त्या पानात 'किल्लारी' नावाचं काही नाहीच. पान आहे, बातमी आहे, पण गाव नाही!

बरं, इथं एक्स्टेन्शन येतं. फायरफॉक्स 1.0 आलं नोव्हेंबर 2004 मध्ये, आणि त्याच सुमारास ॲरन बूडमन यांनी ग्रीसमंकी काढलं. कल्पना अशी की पान साइटवाल्याचं असलं तरी ते माझ्या स्क्रीनवर कसं दिसावं हे मी ठरवीन. याच घराण्यातलं 'पद्मा' नावाचं एक्स्टेन्शन. सुरुवात तेलुगूपासून, पुढं देवनागरीसह इतर लिप्या. काम एकच, फॉन्टमधला मजकूर जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलायचा. साइटनं काही केलं नाही तरी वाचक पान वाचू शकायचा.

त्याच 2004 मध्ये शिकागोला थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्स यांनी सेलेनियम सुरू केलं. वेळ आणि खर्च नोंदवायच्या एका अंतर्गत वेब ॲपची तपासणी हातानं करून कंटाळा आला होता, म्हणून ब्राउझरच ती करेल अशी सोय. नावामागं विनोद आहे. स्पर्धक कंपनीचं नाव मर्क्युरी, म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषावर उतारा सेलेनियम.

इथं दोन्ही धागे जुळतात. शिन्या कासातानी यांचं सेलेनियम आयडीई हे 2006 चं साधन स्वतःच फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन होतं. सायमन स्टुअर्ट यांच्या वेबड्रायव्हरचा फायरफॉक्ससाठीचा पहिला भागही एक्स्टेन्शनच. तो कोऱ्या प्रोफाइलमध्ये टाकला जायचा आणि आतून ब्राउझर हलवायचा. म्हणजे ऑटोमेशनसोबत एक्स्टेन्शन वापरणं ही अलीकडं सुचलेली युक्ती नाही, सुरुवातीच्या वर्षांतच ती होती.

मग दारं बंद होऊ लागली. जुन्या एक्स्टेन्शनला ब्राउझरमध्ये जवळपास सगळं करता यायचं, त्यामुळं सुरक्षेचा प्रश्न खरा होता. 2016 मध्ये फायरफॉक्सनं सही असलेलीच एक्स्टेन्शन्स चालतील असं केलं. ऑगस्ट 2017 च्या आवृत्ती 55 मध्ये जुनं सेलेनियम आयडीई बंद पडलं, आणि नोव्हेंबरच्या आवृत्ती 57 मध्ये जुन्या बांधणीची सगळी एक्स्टेन्शन्स गेली. तपासनीसाचं हत्यार आणि वाचकाचा चष्मा, दोन्ही एकाच वर्षी. तपासनीसांना पर्याय लगेच मिळाले, कारण मागं मोठ्या कंपन्या होत्या. गुगलचं पपेटिअर 2017 चं, मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट 2020 चं. जुन्या मराठी पानांमागं मात्र कुणी नव्हतं.

आज हे काम करायचं तर कसं? ऑटोमेशन दर वेळी कोरं प्रोफाइल उघडतं, त्यात तुमचं एक्स्टेन्शन नसतं. ते स्वतः द्यावं लागतं. प्लेराइटमध्ये त्यासाठी क्रोमियम आणि टिकाऊ प्रोफाइल लागतं. क्रोमचा बिनखिडकीचा मोड 2017 मध्ये आला, तेव्हा त्यात एक्स्टेन्शन चालत नसे. 2023 च्या नव्या मोडमध्ये चालू लागलं. 2025 पासून नेहमीच्या क्रोममध्ये कमांड लाइनवरून एक्स्टेन्शन लोड करायची सोय काढली, म्हणून क्रोमियम किंवा 'क्रोम फॉर टेस्टिंग' वापरायचं. एक्स्टेन्शन आणि तुमची स्क्रिप्ट एकमेकांचं जावास्क्रिप्ट बघत नाहीत, पण पान दोघांचं एकच असतं. एक्स्टेन्शननं अक्षरं बदलली की स्क्रिप्टला बदललेलीच दिसतात. फक्त बदल पूर्ण होईपर्यंत थांबायचं. मी यासाठी एक्स्टेन्शनला पानाच्या मुळाशी 'रूपांतर झालं' अशी एक खूण लावायला सांगतो, आणि स्क्रिप्ट त्या खुणेची वाट बघते.

तुम्ही विचाराल, रूपांतर थेट स्क्रिप्टमध्येच का नाही? होऊ शकतं, आणि जलदही होईल. पण एक्स्टेन्शन माणूसही वापरू शकतो. आमच्याकडचे निवृत्त गुरुजी वेबॅक मशीनवरचं जुनं पान उघडतात आणि तेच एक्स्टेन्शन त्यांना मराठी दाखवतं. रफार चुकला, सास्तूरचं स्पेलिंग बिघडलं, तर त्यांच्या लगेच लक्षात येतं. तक्ता एकाच ठिकाणी दुरुस्त होतो आणि यंत्राचं वाचनही सुधारतं. शिवाय 'होळी' म्हणजे इथं सण नाही, लोहारा तालुक्यातलं उद्ध्वस्त झालेलं गाव आहे, हे यंत्राला कोण सांगणार?

दोन पथ्यं पाळा. सगळी पानं वाचायची परवानगी असलेलं एक्स्टेन्शन तुमचं बँकेचं पानही वाचू शकतं, म्हणून प्रोफाइल वेगळंच ठेवा. आणि दोन पानांमध्ये काही सेकंद जाऊ द्या. सर्व्हर दुसऱ्याचा आहे.

पहिल्या पिढीतली माणसं आता थकत चाललीत. त्यांनी तेव्हा पत्रकारांना जे सांगितलं, त्यातलं काही अजून नेटवर पडून आहे, फक्त चुकीच्या अक्षरांत. त्यांच्या नातवंडांनी गावाचं नाव टाइप केल्यावर ते सापडायला हवं. एवढंच काम आहे, आणि ते आपल्यालाच करावं लागणार.

तुमच्याकडं जुन्या फॉन्टमधला मजकूर पडून असेल तर फॉन्टचं नाव तेवढं जपून ठेवा, फाइल उघडायची किल्ली तीच आहे. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.