अलामोगोर्डोचा निखात निधी

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, तुलारोसा खोऱ्याच्या पूर्व कडेला, अलामोगोर्डो नावाचे एक बेताच्या वस्तीचे नगर आहे. चार्ल्स एडी याने १८९८ मध्ये लोहमार्गाच्या सोयीसाठी वसविलेल्या या नगराच्या पश्चिमेस जिप्समच्या शुभ्र वाळूचा विस्तीर्ण प्रदेश पसरलेला असून, तेथून उत्तरेकडील दुसऱ्या एका वाळवंटात १६ जुलै १९४५ रोजी पहाटे जगातील पहिला अणुस्फोट घडवून आणण्यात आला. आणि १९६१ मध्ये अंतराळात जाऊन सुखरूप परतलेल्या हॅम नावाच्या चिंपांझीची समाधी नगरातील अंतराळ-संग्रहालयाच्या आवारात आहे. इतिहासाच्या दप्तरी नाव चढण्यास एवढी कारणे कोणत्याही गावास पुरेशी व्हावीत. तथापि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळ खेळत वाढलेल्या जगभरच्या एका पिढीस अलामोगोर्डो हे नाव तोंडपाठ झाले, ते ना अणुबॉम्बमुळे, ना त्या चिंपांझीमुळे. ते झाले तेथील नगरपालिकेच्या कचऱ्याच्या खड्ड्यामुळे.

जुन्या व्हिडिओ गेमच्या संग्राहकांची जी पेठ गेल्या काही दशकांत उभी राहिली, तिचे अर्थशास्त्र काहीसे उफराटे आहे. तेथे जिनसाची किंमत त्याच्या गुणांवरून ठरत नाही; तो एके काळी किती लोकांना नकोसा झाला होता, यावरून बव्हंशी ठरते. जो खेळ घरोघरी गेला त्याच्या प्रती आज पोत्याने मिळतात, आणि जो दुकानाच्या फळीवर धूळ खात पडून अखेर मोडीत निघाला त्यासाठी धनिक मंडळी वर्षानुवर्षे झुरतात. शिवाय असा माल शोधून मिळण्यापेक्षा अवचित मिळण्याचाच संभव अधिक, कारण ज्याच्या घरी तो पडून असतो त्याला बहुधा त्याचे मोल ठाऊक नसते. अटारी २६०० या यंत्रासाठी निघालेली ‘एअर रेड’ नावाची निळी, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची मूठ असलेली कॅसेट (आपल्याकडील मुले या प्रकारच्या डबीस सरसकट कॅसेटच म्हणत आली, म्हणून तोच शब्द येथे योजतो) संग्राहकांस दीर्घकाळ खोक्यावाचूनच पाहावयास मिळत होती. २०१० मध्ये एका जुन्या मालकाच्या अडगळीतून ती मूळ खोक्यासह बाहेर पडली आणि ३१,६०० डॉलरांना गेली.

याहून नवलाची हकीकत निन्टेंडो आणि सोनी या दोन जपानी कंपन्यांच्या फिसकटलेल्या भागीदारीची आहे. १९९१ च्या जून महिन्यात शिकागो येथील प्रदर्शनात सोनीने निन्टेंडोच्या सहकार्याने निघावयाच्या ‘प्ले स्टेशन’ या यंत्राची द्वाही फिरविली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने आपण फिलिप्स कंपनीशी हातमिळवणी करीत असल्याचे त्याच प्रदर्शनात जाहीर करून सोनीस तोंडघशी पाडले. या व्यवहारासाठी तयार झालेले सुमारे २०० नमुने नष्ट झाले असावेत, असा सार्वत्रिक समज होता. पुढे अडव्हान्टा नावाच्या एका अमेरिकी कंपनीचे दिवाळे निघाले, तिच्या मालमत्तेचा लिलाव पुकारला गेला, आणि तिच्याच एका माजी कामगाराने ७५ डॉलरांना घेतलेल्या सटरफटर सामानाच्या गठ्ठ्यात त्यांपैकी एक नमुना निघाला. आपल्याजवळ काय आहे याचा सुगावा त्याच्या घरात कोणासही कित्येक वर्षे नव्हता; तो २०१५ मध्ये लागला आणि मार्च २०२० च्या लिलावात त्या राखाडी डब्यास ३,६०,००० डॉलर आले. या प्रकरणी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. सोनीच्या खेळविभागाचे एके काळचे प्रमुख ओलाफ ओलाफसन हे पुढे अडव्हान्टाच्या चाकरीत होते, म्हणून तो नमुना तेथवर कसा पोचला याचा उलगडा होऊ शकला. ही वंशावळ जुळली नसती, तर त्याच डब्यास कोणी तोतया ठरवून हसण्यावारी नेले असते.

अलामोगोर्डोच्या खड्ड्याचा इतिहास मात्र अशा एखाद्या वस्तूच्या दुर्मिळतेचा नसून तिच्या अतोनात सुकाळाचा आहे. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापिलेली अटारी ही कंपनी १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने विकत घेतली, दुसऱ्या वर्षी तिचे घरगुती खेळयंत्र बाजारात आले, आणि १९८० नंतरची दोन वर्षे तिच्या भरभराटीस सीमा राहिली नाही. भरभराटीच्या दिवसांत हिशेबनीस मागे पडतात आणि विक्रेत्यांचा शब्द चालतो. येथेही तसेच झाले. ‘पॅक-मॅन’ या खेळाच्या १९८२ च्या घरगुती आवृत्तीच्या, खुद्द यंत्रे जितकी खपली होती त्याहूनही अधिक, म्हणजे १ कोटी २० लाख प्रती काढण्यात आल्याचे सांगतात. त्याच वर्षी स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा ‘ई. टी.’ हा चित्रपट विलक्षण गाजला. त्यावर खेळ काढण्याचे हक्क दोन कोटी डॉलरांहून अधिक मोबदला मोजून मिळविल्याचे बोलले जाते, परंतु बोलणी जुलैच्या अखेरीपर्यंत लांबल्यामुळे नाताळाच्या बाजारास माल पोचवावयाचा तर खेळ रचण्यास जेमतेम पाच आठवडे उरले.

हे काम हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या तरुण रचनाकाराने पत्करले. ज्या कामास इतरत्र पाच-सहा महिने लागत ते त्याने पाच आठवड्यांत जवळजवळ एकट्याने उरकले, आणि उरकले म्हणण्यातच त्याचे गुणदोष आले. खेळातील तो परग्रहवासी जीव दूरध्वनीचे तीन तुकडे शोधीत हिंडतो. ते तुकडे खड्ड्यांत दडलेले असतात. आणि खेळणाऱ्याचा हात यत्किंचित चुकला की तो पुनः त्या खड्ड्यात कोसळतो. मग मान लांबवीत हळूहळू तरंगत काठावर यावयाचे, आणि काठावर येताच एखादे पाऊल वाकडे पडून पुनरपि खाली जावयाचे. पोरांनी नाताळाच्या सकाळी मोठ्या हौसेने खोकी उघडली आणि दुपारपर्यंत ती बाजूस सारली. वॉर्शॉची आधीची कामगिरी अव्वल दर्जाची होती, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. ‘यार्स रिव्हेंज’ हा त्याचाच खेळ अटारीच्या उत्कृष्ट खेळांत आजही गणला जातो. पुढे सगळ्या धंद्याच्या पडझडीचे खापर या एका खेळावर फोडण्याची जी रूढी पडली, ती मला न्याय्य वाटत नाही. लाखांनी माल काढण्याचा हुकूम सोडणारे वेगळे होते. पाच आठवडे रात्रंदिवस यंत्रापुढे बसलेल्या माणसाच्या माथी मात्र दोष मारला गेला.

‘ई. टी.’ च्या सुमारे ४० लाख प्रतींपैकी १५ लाखांच्या आसपास खपल्या. ७ डिसेंबर १९८२ रोजी अटारीने विक्रीच्या अपेक्षा खाली आणल्याचे जाहीर करताच वॉर्नरच्या समभागाचा भाव एका दिवसात सुमारे एक-तृतीयांशाने कोसळला, आणि पुढील वर्षी कंपनीस ५० कोटी डॉलरांहून अधिक तोटा आला. टेक्सासमधील एल पासो येथील तिच्या कारखान्याच्या वखारीत न खपलेल्या आणि परत आलेल्या मालाचे ढीग साचले. अखेर सप्टेंबर १९८३ मध्ये तो माल मालमोटारींत भरून अलामोगोर्डोस रवाना झाला. हेच गाव निवडण्याचे कारण असे सांगतात की, तेथील कचराभूमीवर रोज रात्री माती लोटीत आणि कचरा वेचण्यास मनाई होती. परंतु मनाईहुकूम पोरांना कोण वाचून दाखविणार? वार्ता फुटताच गावची मुले खड्ड्यात उतरली आणि हाती लागतील तितक्या कॅसेटी घेऊन पळाली. तेव्हा पहारा बसविण्यात आला, ढिगावर काँक्रीट ओतण्यात आले, आणि आपल्या हद्दीत परगावचा कचरा आणून टाकण्यास नगरातून विरोधाचा सूर उठला. कंपनीच्या अधिकाऱ्याने खुलासा केला की, पुरलेला माल बहुतांशी मोडका व परत आलेला होता.

आपल्याकडे गुप्तधनावर नाग बसविण्याची लोककथांची वहिवाट आहे. अलामोगोर्डोच्या ठेव्यावर तीस वर्षे अफवा वेटोळे घालून बसली. लाखो ‘ई. टी.’ वाळवंटात गाडले गेले, असे काही म्हणत. असे काही घडलेच नाही, ही निव्वळ कंडी आहे, असे दुसरे म्हणत, आणि खुद्द वॉर्शॉचाही त्या कथेवर फारसा विश्वास नव्हता. वृत्तपत्रांच्या १९८३ च्या अंकांत सारे छापलेले असतानाही वाद चालूच राहिला, यावरून माणसाला छापील पुराव्यापेक्षा वाद प्रिय असतो, एवढेच फार तर म्हणता येईल.

२०१३ मध्ये एका करमणूक कंपनीने उत्खननाची परवानगी मागितली, नगरपालिकेने ती दिली, राज्याच्या पर्यावरण खात्याने आक्षेप काढून मुदत लांबविली, आणि शेवटी २६ एप्रिल २०१४ हा दिवस मुक्रर झाला. जागा नेमकी कोणती, हे ठरविण्याचे श्रेय जो लेवांडोव्स्की या कचऱ्याच्या धंद्यातल्या जुन्या जाणत्या माणसाकडे जाते. जुनी छायाचित्रे आणि स्वतःची आठवण यांचा मेळ घालून त्याने त्या अफाट कचराभूमीतील ठिकाण हेरले. त्या दिवशी वावटळ सुटली होती. शेकडो हौशी लोक नाकातोंडात धूळ जात असताना कुंपणाशी उभे होते, आणि यंत्राचा फावडा सुमारे ३० फूट खोलीवरून कचऱ्याचा एकेक घास वर काढून पालथा करीत होता. तेवढ्यात एका लगद्यातून चेपलेले, मळकटलेले, परंतु चित्र अजून ओळखू येणारे ‘ई. टी.’ चे खोके हाती आले. वॉर्शॉ तेथे हजर होता. मधल्या काळात तो मानसोपचारतज्ज्ञ झाला होता. पण आपला गाडलेला खेळ वर येताना पाहून त्याचाच कंठ दाटून आला.

अँड्र्यू राइनहार्ड आदी पुरातत्त्वज्ञांचा एक गट खड्ड्याच्या काठावर नोंदी घेत होता. मोहेंजोदडोच्या पंक्तीस कचराडेपो बसवावा काय, असा प्रश्न शिष्ट लोकांनी त्या वेळी विचारला असेलही. परंतु पुराणवस्तुशास्त्राचा निम्मा संसार उकिरड्यांवरच चालतो, हे त्या शास्त्राशी तोंडओळख असलेल्यासही ठाऊक असते. नोंदींनी दंतकथेची बरीच छाटणी केली. ‘ई. टी.’ हा त्या ढिगाचा एक अल्प अंश निघाला. ‘सेंटिपीड’, ‘मिसाइल कमांड’, ‘डिफेंडर’, ‘अ‍ॅस्टरॉइड्स’ असे उत्तम खपलेले खेळही तेथे होते, आणि पुष्कळ माल मोडका नव्हे तर न उघडलेल्या खोक्यांत होता. म्हणजे १९८३ चा अधिकृत खुलासा अर्धाच खरा ठरला. पुरलेल्या कॅसेटींची एकूण संख्या अटारीचे तत्कालीन अधिकारी जेम्स हेलर यांनी ७,२८,००० सांगितली. त्यांतल्या सुमारे १,३०० वर काढून खड्डा पूर्ववत बुजविण्यात आला.

इथून पुढचा भाग मला सर्वांत मनोरंजक वाटतो, कारण त्यात मुख्य पात्र नगरपालिका आहे. जमीन तिची, म्हणून कचरा तिचा, म्हणून कचऱ्यातले धनही तिचे, हे ओघानेच आले. आपल्याकडे १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास वर्दी द्यावी लागते. अलामोगोर्डोच्या सभासदांस तशा सनदेची गरजच पडली नाही. त्यांनी प्रत्येक कॅसेटीस मालमत्तेचा क्रमांक असलेली चिठ्ठी बांधविली, प्रत्येकीबरोबर खरेपणाचा दाखला देण्याची व्यवस्था केली, काही नग संग्रहालयांस दिले (त्यांतला एक ‘ई. टी.’ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत गेला), आणि उरलेल्यांपैकी बहुतेक संगणकीय लिलावात काढले. २०१५ पर्यंत ८८१ नग विकले जाऊन सुमारे १,०८,००० डॉलर जमा झाले. टपालखर्च वगैरे वजा जाता त्यातले सुमारे ६५,००० नगरपालिकेच्या तिजोरीत आणि सुमारे १६,००० तुलारोसा खोऱ्याच्या इतिहास-संस्थेकडे गेले. खोक्यातल्या एका ‘ई. टी.’ ला १,५३५ डॉलर मिळाले.

आता ‘ई. टी.’ ची कॅसेट ही अमेरिकेत कोणत्याही जुन्या बाजारात अगदी स्वस्तात मिळणारी वस्तू आहे, आणि ती स्वच्छ, चालू स्थितीत मिळते. १,५३५ डॉलर मोजणाऱ्यास जी मिळाली ती चेपलेली, उग्र दर्पाची आणि बहुधा कधीच न चालणारी होती. अर्थात त्याने कॅसेट विकत घेतलीच नव्हती. त्याने तीस वर्षे ऐकलेल्या एका गोष्टीचा तुकडा विकत घेतला, आणि तो तुकडा त्याच गोष्टीतला आहे याची ग्वाही देणारी क्रमांकाची चिठ्ठी विकत घेतली. ‘एअर रेड’ च्या बाबतीत खोक्याने जे काम केले, सोनीच्या नमुन्याच्या बाबतीत ओलाफसनच्या नावाने जे केले, तेच येथे नगरपालिकेच्या चिठ्ठीने केले. फरक इतकाच की त्या दोन जिनसा मुळात दुर्मिळ होत्या आणि ही नव्हती.

आणि १९८३ च्या सप्टेंबरात पहारा बसण्यापूर्वी खड्ड्यात उतरून ज्या मुलांनी त्याच ढिगातल्या, तेव्हा कोऱ्या करकरीत असलेल्या कॅसेटी पळविल्या होत्या, त्यांतल्या कोणाच्या माळ्यावर एखादी अजून पडलेली असेल, तर तिला बाजारात इतर कोणत्याही कॅसेटीइतकाच भाव येईल, कारण ती त्या खड्ड्यातून आली असे म्हणणारा तो एकटाच आहे आणि त्याच्यापाशी चिठ्ठी नाही.