इमारतीचा पैसा आणि मास्तरांचा पगार

लॉस एंजेलिसच्या ईशान्य भागात ग्लासेल पार्क नावाची वस्ती आहे. तिथे व्हॅन डी कॅम्प बेकरीची १९३०च्या सुमारास बांधलेली इमारत उभी आहे, जुन्या डच घरांसारखा दर्शनी भाग असलेली. बेकरी १९९०मध्ये बंद पडली. इमारत वाचावी म्हणून रहिवाशांनी आवाज उठवला आणि पुढे ती शहराच्या कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टने घेतली. तिथे लॉस एंजेलिस सिटी कॉलेजची शाखा निघणार होती. सुमारे ७ कोटी २० लाख डॉलर खर्च झाले, इमारत देखणी झाली. आणि २००९मध्ये डिस्ट्रिक्टने ती एका चार्टर शाळेला भाड्याने देऊन टाकली. कारण एवढंच, की कॉलेज चालवायला पैसे नव्हते.

अमेरिकेसारख्या देशात असं कसं होतं, हे शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे घराजवळचं, कमी फीचं, दोन वर्षांचं कॉलेज. इलिनॉयमधल्या जोलिएट गावात १९०१मध्ये पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज निघालं. कॅलिफोर्नियाने १९६०च्या मास्टर प्लॅनमध्ये उच्च शिक्षणाची सरळ वाटणी केली. वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच्या मुलांसाठी स्टेट कॉलेजं, आणि उरलेल्या सगळ्यांसाठी ज्युनियर कॉलेज. 'उरलेले' म्हणजे कामगार, नुकतेच देशात आलेले, लग्नानंतर पुन्हा शिकू पाहणाऱ्या बाया. आपला समाज तिथे असता तर बहुतेक याच रांगेत असता.

लॉस एंजेलिसमध्ये आज अशी नऊ कॉलेजं एका डिस्ट्रिक्टखाली आहेत. नऊ परिसर कोणी नकाशावर बसून आखले असतील असं वाटतं, पण ती जमेल तिथे, जमेल तशी उगवली. सिटी कॉलेजला १९२९मध्ये व्हर्मोंट अव्हेन्यूवरची जागा मिळाली, कारण यूसीएलए ती सोडून वेस्टवूडला गेलं. पियर्स कॉलेज १९४७मध्ये शेतीची शाळा म्हणून निघालं. व्हॅली कॉलेज १९४९मध्ये एका हायस्कूलच्या आवारात सुरू झालं.

गरिबांच्या वस्त्यांना मात्र थांबावं लागलं. शहराच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय लोकांसाठी कॉलेज हवं, ही मागणी ओडेसा कॉक्स आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं करत होते. १९६५च्या ऑगस्टमध्ये वॉट्समध्ये दंगल उसळली, ३४ माणसं मेली. मग १९६७मध्ये साउथवेस्ट कॉलेज उघडलं, तेही तात्पुरत्या लाकडी खोल्यांत. उत्तरेकडचं मिशन कॉलेज १९७५मध्ये निघालं. ते दुकानांचे गाळे, चर्चच्या खोल्या अशा ठिकाणी विखरून भरायचं. सिल्मारमध्ये स्वतःचा कायमचा परिसर मिळायला १९९१ उजाडलं. सोळा वर्षं! आपल्याकडच्या भाड्याच्या खोल्यांत भरणाऱ्या उर्दू शाळा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना या सोळा वर्षांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दीर्घकालीन नियोजनाचा कागद तिथे नाही असं अजिबात नाही. कायद्यानुसार प्रत्येक डिस्ट्रिक्टला पाच वर्षांचा बांधकाम आराखडा राज्याकडे द्यावा लागतो, तो दरवर्षी सुधारावा लागतो. हिशेब मोठा चोख आहे. मोठ्या परिसरातली व्याख्यानाची खोली आठवड्याला ५३ तास वापरात असावी आणि त्या वेळात शंभरातल्या ६६ खुर्च्या भरलेल्या असाव्यात, असं राज्याने ठरवलंय. त्यावरून जागा आणि विद्यार्थी यांचं प्रमाण निघतं. जागा जास्त दिसली तर राज्याकडून नवीन बांधकामाला पैसे मिळणं कठीण. सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी, असं एकाच इमारतीत जमवणाऱ्या आमच्या मास्तरांना हे गणित कुणी शिकवायची गरज नाही.

पण या गणितात विद्यार्थी आधी आणि खोली नंतर येते. जिथे कॉलेजच नाही तिथे विद्यार्थी मोजायचे कुठे? साउथवेस्ट आणि मिशन याच फटीत अडकून राहिली असणार, असं मला वाटतं.

पुढची गोष्ट पैशाची. १९७८मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ मंजूर करून मालमत्ता कराला वेसण घातली. स्थानिक कॉलेजांचा हक्काचा झरा आटला, ती राज्याच्या तिजोरीकडे बघू लागली. कर्जरोख्यांना आधी दोन तृतीयांश मतं लागायची. नोव्हेंबर २०००मध्ये प्रपोझिशन ३९ने ती अट ५५ टक्क्यांवर आणली. सोबत बंधनं घातली. कामांची यादी आधी जाहीर करा, दरवर्षी ऑडिट करा, नागरिकांची देखरेख समिती नेमा, आणि या पैशातून शिक्षकांचे किंवा प्रशासनाचे पगार द्यायचे नाहीत.

हेतू चांगलाच होता. कर्ज काढून पगार वाटू नयेत, हे कोणीही मान्य करील. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी २००१मध्ये १२४ कोटी ५० लाख, २००३मध्ये ९८ कोटी आणि २००८मध्ये ३५० कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. नऊही कॉलेजांत क्रेन उभ्या राहिल्या. त्याच २००८मध्ये मंदी आली, राज्याने कॉलेजांचा चालू निधी कापला. म्हणजे एकाच आवारात एकीकडे नवी इमारत चढतेय आणि दुसरीकडे तुकड्या बंद होतायत. बांधकामाच्या खात्यात कोट्यवधी पडून, पण त्यातला एक डॉलर मास्तरला देता येत नाही. बेकरीची इमारत याच कात्रीत सापडली.

लॉस एंजेलिस टाइम्सने २०११मध्ये या सगळ्यावर लेखमाला छापली. रद्द झालेली कामं, अर्धवट सोडलेले आराखडे, ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजच्या नव्या प्रवेशचौकातलं सदोष काम, पुन्हा पुन्हा केलेल्या दुरुस्त्या. बऱ्याच लोकांनी तिचा बोध 'भ्रष्टाचार' असा एका शब्दात घेतला. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. सगळे फरिश्ते असते तरी बेकरीतलं कॉलेज उघडलं नसतं, कारण बांधायचा खिसा आणि चालवायचा खिसा वेगळा होता.

आपल्या जुन्या लोकांनी हे दोन खिसे एकत्र शिवले होते. निजामुल्मुल्कने बगदादचा मदरसा १०६७मध्ये उघडला. निशापूर, इस्फहान, बल्ख, हेरात इथेही त्याचे मदरसे होते. आजच्या भाषेत अनेक परिसर असलेली संस्थाच. इमारतीबरोबर उत्पन्न देणारी मालमत्ता वक्फ केलेली असायची, तिच्यातून मुदर्रिसांचा पगार आणि विद्यार्थ्यांचा वजीफा. इस्तंबूल जिंकल्यावर सुलतान मुहम्मद फातिहने बेदेस्तान हा दगडी बाजार बांधला, त्याचं भाडं आयासोफियाच्या वक्फला जायचं. हनफी फिक्हमध्ये तर नियमच आहे, की वक्फच्या उत्पन्नातून पहिला खर्च दुरुस्तीचा, मग वाकिफने तसं लिहिलेलं असो वा नसो.

याचा अर्थ वक्फ असलं की सगळं सुरळीत, असा कुणी काढू नये. मुतवल्लींनी बाजारच्या बाजार गिळल्याचे किस्से प्रत्येक जिल्ह्यात आहेत. बीदरला महमूद गावानचा १४७२चा मदरसा बघायला आपले लोक सहलीने जातात. भिंतीवरच्या निळ्या फरशांचे फोटो काढतात. तालीम तिथून कधीच निघून गेली. औरंगजेबाच्या काळात तिथे दारूगोळा ठेवला होता, स्फोटात एक मिनार आणि पुढचा भाग कोसळला.

आपल्याकडे हल्ली खोली बांधून देणारा दाता मिळतो, कारण खोलीवर नावाची पाटी लागते. वीजबिलावर लागत नाही. प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं, पण प्रयोगशाळा साहाय्यकाचं पद भरलेलं नसतं.

कॅलिफोर्नियाच्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या २०१४च्या निकषांत एक वाक्य होतं. त्याचा आशय असा, की दीर्घकालीन बांधकाम आराखड्यात नव्या इमारतीच्या मालकीचा पूर्ण खर्च धरलेला असावा. म्हणजे बांधण्यासोबत झाडण्या-पुसण्याचा, गळकं छत दुरुस्त करण्याचा खर्चही. वक्फनाम्यातलंच कलम हे, इंग्रजीत लिहिलेलं. लॉस एंजेलिसने त्यानंतर २०१६मध्ये ३३० कोटी आणि २०२२मध्ये ५३० कोटी डॉलरचे रोखे काढले. त्यातूनही पगार द्यायला मनाई आहेच.