नोकरीच्या निवडीतील गटचर्चा : तयारी कशी करावी?

लेखी परीक्षा चांगल्या गुणांनी पास होऊनही आपले काही तरुण-तरुणी गटचर्चेच्या टप्प्यावर अडतात. अभ्यास कमी पडतो असे नाही. चारचौघांत मत मांडायची सवय नसते, इंग्रजीचे दडपण असते आणि कधी चर्चेचा विषयच आपल्या जगण्याला भिडणारा निघतो. या तिन्ही गोष्टींची तयारी करता येते.

गटचर्चा कुठे असते?

गटचर्चा म्हणजे ग्रुप डिस्कशन, थोडक्यात जीडी. खासगी कंपन्यांची कॅम्पस भरती आणि काही एमबीए संस्थांचे प्रवेश यांत ती घेतली जाते. स्टेट बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसर पदासाठी अलीकडच्या भरतींमध्ये शेवटच्या टप्प्यात ग्रुप एक्सरसाइजला २० आणि मुलाखतीला ३० गुण ठेवलेले आहेत. सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीच्या एसएसबीमध्येही गटचर्चा असते. यूपीएससी नागरी सेवा आणि एमपीएससी राज्यसेवेत मात्र ती नसते, तिथे थेट मुलाखत होते. म्हणून जाहिरातीतील निवड प्रक्रिया आधी नीट वाचावी.

परीक्षक काय पाहतात?

साधारण आठ ते बारा उमेदवार गोलाकार बसतात. विषय मिळतो, विचाराला दोन-तीन मिनिटे मिळतात आणि पंधरा-वीस मिनिटे चर्चा चालते. दहा जण आणि पंधरा मिनिटे धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येते. म्हणजे अर्ध्या मिनिटाचे तीन मुद्दे नेमके मांडले तरी पुरेसे आहे. विषयाची जाण, मांडणीतील स्पष्टता, इतरांचे ऐकणे आणि चर्चा पुढे नेणे या गोष्टी तपासल्या जातात. आवाज चढवणारा, दुसऱ्याचे वाक्य तोडणारा उमेदवार गुण गमावतो. एकही शब्द न बोलणाऱ्याला तर गुण द्यायला काही उरतच नाही.

आपल्या परंपरेत चर्चेची शिस्त

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की संसदीय कामकाजाचे नियम बौद्ध भिक्खू संघाला माहीत होते. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सारे तिथे होते. संघात ठराव मांडून संमती विचारली जाई आणि मौन म्हणजे होकार समजला जाई. नोकरीच्या गटचर्चेत मात्र मौन आपल्याच विरोधात जाते. तथागतांनी सांगितलेली चांगल्या वाणीची लक्षणे इथे उपयोगी पडतात : बोलणे वेळेवर, सत्य, सौम्य, हिताचे आणि मैत्रीभावनेने असावे.

प्रत्यक्ष चर्चेत

- मिळालेल्या वेळेत कागदावर चार शब्द लिहा : कारण, परिणाम, उदाहरण, उपाय. प्रत्येकासमोर एक मुद्दा टिपा.
- विषय माहीत असेल तरच सुरुवात करा. नसेल तर दोघांचे ऐकून तिसरे बोला.
- दुसऱ्याच्या मुद्द्याला जोडून बोला. 'आय वुड लाइक टु ॲड वन पॉइंट' किंवा 'आय सी इट डिफरंटली' अशी पाच-सहा साधी वाक्ये तोंडी बसवून ठेवा. इंग्रजी साधे असले तरी चालते, वाक्य पूर्ण झाले पाहिजे.
- परीक्षकांकडे नव्हे, गटाकडे पाहून बोला.
- गप्प बसलेल्याला बोलायची संधी द्या. नेतृत्व यातूनही दिसते.
- शेवटी सारांश सांगताना विरोधी मतही त्यात घ्या.

विषय आरक्षणाचा निघाला तर

'आरक्षण विरुद्ध गुणवत्ता' हा विषय समोर येऊ शकतो. अशा वेळी राग येणे स्वाभाविक आहे आणि नको तो वाद म्हणून गप्प बसावेसेही वाटते. दोन्हींत नुकसान आपलेच आहे. स्वतःची जात किंवा अनुभव सांगण्याचे बंधन नाही. पुढील माहिती शांतपणे मांडा.

कलम १६(४) हे शासकीय सेवांत पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागासवर्गांसाठी आहे. त्याचा पाया प्रतिनिधित्व हा आहे, तो गरिबी हटावचा कार्यक्रम नाही. आर्थिक निकषावरील १० टक्क्यांपर्यंतचे आरक्षण २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने स्वतंत्रपणे आले. नीटमधील ओबीसी आरक्षणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले की आरक्षण गुणवत्तेच्या विरोधात नाही आणि गुणवत्ता केवळ परीक्षेतील गुणांवरून ठरत नाही. बौद्धांचा प्रश्न निघाल्यास, १९९० मध्ये कायद्यात बदल होऊन अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना त्या प्रवर्गाचे लाभ मिळू लागले, एवढे सांगणे पुरे.

समोरच्याने टोमणा मारला तर त्याला उत्तर देऊ नका, मुद्द्याला उत्तर द्या. ज्याच्याकडे कलम आणि वर्ष आहे, त्याला आवाज चढवावा लागत नाही.

सराव विहारात

चर्चेचा सराव एकट्याने होत नाही. रविवारी वंदना झाल्यावर आठ-दहा जणांनी विहारातच वीस मिनिटे द्यावीत. एकाने घड्याळ लावून परीक्षक व्हावे आणि कोण किती वेळा बोलले, कोणी कोणाला तोडले याची नोंद ठेवावी. एका आठवड्यात मराठीत, पुढच्या आठवड्यात त्याच विषयावर इंग्रजीत बोलावे. मुलींना पहिली संधी द्यावी. नोकरीत असलेल्या दादा-ताईंना महिन्यातून एकदा परीक्षक म्हणून बोलवावे. रोज एक अग्रलेख वाचून त्यातील दोन बाजू वहीत लिहिल्या, तर दोन-तीन महिन्यांत कोणत्याही विषयावर तीन मुद्दे सुचू लागतील.